वेळ मिळत नाही, कारण दर चुकतो

मा. संपादक,
स. न.

आपल्या दैनिकाच्या उद्योगविषयक पुरवणीत लघुउद्योजकांच्या, आणि विशेषतः घरातून व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांच्या यशकथा नियमितपणे प्रसिद्ध होतात व त्या मी आवर्जून वाचतो. त्यांतील जवळजवळ प्रत्येक कथेत पहाटे चारला उठण्याचा उल्लेख असतो आणि तिच्या शेजारच्या चौकटीत वेळेच्या नियोजनासंबंधी काही सूचना असतात: कामांची यादी करावी, मोबाइल दूर ठेवावा, दिवसातला एक तास केवळ व्यवसायवाढीसाठी राखावा. या सूचना चुकीच्या आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु चिंचवड परिसरातील छोट्या व्यावसायिकांचे हिशेब आणि करविवरणपत्रे पाहणे हा माझा व्यवसाय आहे. पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या आणि मसाले व भाजणी विकणाऱ्या गृहिणींपासून भोसरी, चिखली, तळवडे भागात शेड भाड्याने घेऊन लेथ किंवा संगणकचालित सीएनसी यंत्रावर जॉबवर्क, म्हणजे कंपन्यांचे सुटे भाग मजुरीवर बनवून देण्याचे काम, करणाऱ्या कारखानदारांपर्यंत अनेकांच्या वह्या माझ्यासमोर येतात. त्यांपैकी कोणालाही लवकर उठा असे सांगण्याची आवश्यकता मला आजवर वाटलेली नाही, कारण ही माणसे केव्हाची उठलेली असतात. त्यांना व्यवसाय वाढवण्यासाठी वेळ मिळत नाही याचे मूळ त्यांच्या दिनक्रमापेक्षा त्यांनी लावलेल्या दरात आहे, असे माझे मत झाले आहे आणि ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

एका पोळी केंद्राचा हिशेब पाहू. आकडे समजण्यापुरते ढोबळ धरले आहेत. भागानुसार ते बदलतील. शंभर पोळ्यांना सुमारे साडेतीन किलो कणीक लागते. कणीक, तेल, गॅस आणि पिशव्या यांचा खर्च 240 रुपये धरला आणि पोळी पाच रुपयांना विकली, तर पाचशे रुपयांतून 260 रुपये हाती राहतात. हेच 260 रुपये वहीत, आणि वहीहून अधिक मनात, 'नफा' म्हणून नोंदवले जातात. प्रत्यक्षात कणीक मळणे, लाटणे, भाजणे, मोजून बांधणे, भांडी घासणे, ग्राहकांचे फोन घेणे आणि डबे पोचवणे यांत मिळून पाच तास गेलेले असतात, म्हणजे तासाला बावन्न रुपये पडले. त्याच सोसायटीत स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंचा तासाचा मोबदला पुष्कळदा याहून अधिक असतो. तेव्हा या 260 रुपयांना नफा म्हणणे योग्य नाही. ती लाटणाऱ्या हातांची मजुरी आहे आणि तीही पुरती नाही. व्यवसायाने म्हणून काहीच कमावलेले नाही.

आता हीच बाई लाटण्यासाठी कोणाला तरी ठेवू पाहते. पोळीमागे दोन रुपये दिले तर शंभराचे दोनशे होतात, आणि डबे पोचवणाऱ्या मुलाला साठ रुपये दिले की 260 रुपयांचा हिशेब शून्यावर येतो. 'माणूस ठेवणं परवडत नाही हो,' हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकले आहे तितके क्वचितच दुसरे कोणते ऐकले असेन, आणि ते खरेच असते. पाच रुपयांच्या पोळीला माणूस परवडत नाही. सात रुपयांच्या पोळीला परवडतो: सातशेतून सामान वजा जाता 460, मजुरी आणि पोचवणूक वजा जाता 200, आणि मालकिणीचे चार तास मोकळे. त्या चार तासांत तिने जवळच्या एखाद्या वसतिगृहाशी किंवा कार्यालयाशी बोलून पोळ्या तीनशेवर नेल्या तर तेच दोनशे सहाशे होतात. म्हणजे पाच आणि सात रुपयांमधल्या दोन रुपयांत तिचा सगळा मोकळा वेळ आहे. पाच रुपये दर लावणारी स्त्री कितीही शिस्तीने वागली, कितीही याद्या केल्या, तरी ती स्वतः पोळपाटासमोरून उठू शकणार नाही, कारण ती उठली की लाटायला दुसरे कोणी आणण्याइतके पैसे त्या पोळीत नाहीत.

यावर, असा दर लावतातच का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. याचे एक कारण शेजारची स्पर्धा हे आहे. एकाच गल्लीत चार केंद्रे असतात आणि प्रत्येकीला दुसरीच्या दराकडे पाहूनच आपला दर ठरवावा लागतो. त्याहून खोलवरचे कारण असे की, घरभाडे, वीज, मुलांच्या शाळेचे शुल्क हे सारे नवऱ्याच्या पगारातून जात असल्यामुळे व्यवसायावर त्याचा काहीच भार पडत नाही आणि स्वतःच्या श्रमाला घरात कधी किंमत लावलेली नसल्यामुळे ती व्यवसायात लावण्याचे सुचत नाही. 'घरातच तर करते', 'नाहीतरी वेळ रिकामाच जातो' अशी कारणे मला सांगितली जातात. अशा दराने विकला गेलेला माल म्हणजे त्या कुटुंबाने ग्राहकाला दिलेले अनुदान असते, आणि जी शेजारीण खरोखरच केवळ या व्यवसायावर घर चालवते तिलाही त्याच दराला उतरावे लागते, हे त्यातले अधिक दुःखद आहे.

हा दोष केवळ गृहिणींचा आहे असा समज होऊ नये म्हणून भोसरीकडे वळतो. तेथील लहान कारखानदार दर काढण्यात मुळीच कच्चा नसतो. यंत्राच्या कर्जाचा हप्ता, वीज, धातू कापणारी पाती (इन्सर्ट), शेडचे भाडे, ऑपरेटरचा पगार हे सारे धरून तो 'मशीन अवर रेट', म्हणजे यंत्राच्या एका तासाचा दर, काढतो आणि कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्यासमोर त्यासाठी भांडतोही. परंतु त्या दरात एक तास कोठेच नसतो, तो म्हणजे त्याचा स्वतःचा. ऑपरेटर आला नाही की यंत्रावर तो उभा राहतो, नव्या जॉबचे सेटिंग तो करतो, माल टेम्पोत घालून कंपनीच्या दारात तो नेतो, माल आत आल्याची (इनवर्डची) नोंद होईपर्यंत तेथे तो थांबतो, कंपनीने नाकारलेला (रिजेक्शनचा) माल परत आणून रात्री दुरुस्त तोच करतो. यंत्राच्या तासाला साडेचारशे रुपये लावणारा माणूस स्वतःच्या तासाला शून्य रुपये लावतो आणि मग नवीन ग्राहक शोधायला वेळ मिळत नाही म्हणून एकाच कंपनीच्या पर्चेस ऑर्डरवर वर्षानुवर्षे अवलंबून राहतो. पूर्वी या भागात मोठ्या कंपनीत पाळीवर नोकरी करायची आणि पाळी संपल्यावर स्वतःची लेथ चालवायची, अशी पद्धत अनेकांनी अनुसरली आणि त्यातून काही चांगले कारखाने उभे राहिले, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्या काळात पाळीचा पगार घर चालवत होता आणि लेथ केवळ भांडवल साठवत होती. ज्याने नोकरी सोडल्यावरही तोच दर चालू ठेवला त्याची पंचाईत झाली.

दराच्या जोडीला घरातील कामाच्या वाटणीचाही विचार करावा लागतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनमोबदल्याच्या घरकामात सहभागी होणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात आणि सहभागी होणारे पुरुष 88 मिनिटे. 2019 च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे 299 आणि 97 होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषांचीही नऊ वाचली, त्यामुळे दोघांमधले अंतर जवळजवळ होते तेवढेच राहिले. मिक्सर, गॅस, वॉशिंग मशीन यांनी वाचवलेला वेळ दोघांनी सारखाच वाटून घेतला असे फार तर म्हणता येईल. पोळी केंद्राचे पाच तास आणि घरकामाचे पावणेपाच तासांहून अधिक यांची बेरीज केली की दिवसाचे जवळजवळ दहा तास होतात, आणि यात मुलांचा अभ्यास, सासू-सासऱ्यांचे औषधपाणी, पाणी येण्याच्या वेळा आलेल्या नाहीत. या बेरजेत 'स्वतःसाठी एक तास' कोठून काढायचा, हे सल्ला देणाऱ्याने वजाबाकी करून दाखवावे. घरातील कर्त्या पुरुषाने सकाळचा डबा आणि मुलांची तयारी स्वतःकडे घेतली तर कोणत्याही योजनेपेक्षा तो मोठा हातभार ठरेल. ही गोष्ट नवी नाही, परंतु उद्योजकता प्रशिक्षणाच्या वर्गात ती बोलली जात नाही, कारण त्या वर्गाला नवरे बसलेले नसतात.

याबाबतीत आपल्याकडील दोन जुन्या उदाहरणांकडे पुन्हा पाहण्यासारखे आहे. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली, ही हकिगत सर्वांना ठाऊक आहे. भाषणांतून तिच्यातील जिद्दीचे कौतुक होते, पण कामाची मांडणी कशी होती याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. तेथे पीठ केंद्रावर एकत्र मळले जाते. सभासद बहिणी सकाळी येऊन आदल्या दिवशी लाटलेले पापड जमा करतात, त्यांची लाटणावळ घेतात आणि नव्या लाट्या घरी नेतात. म्हणजे घरी केवळ लाटणे येते. डाळीचे पीठ कोठून आणायचे, चव एकसारखी कशी राखायची, दुकानदाराकडून पैसे कसे वसूल करायचे, जाहिरात कोठे करायची यांतले काहीही त्या बाईच्या डोक्यावर नसते. आमच्या सोसायटीतील केंद्रचालिका मात्र ही सर्व कामे एकटी करते आणि तरीही तिची तुलना त्या यशाशी केली जाते. दुसरे उदाहरण गिरणगावातील खाणावळींचे. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या स्त्रिया सामानासाठी सावकाराच्या आणि वाण्याच्या उधारीत अडकलेल्या असत. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना एकत्र आणले आणि राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून दिले. व्याजात जाणारा पैसा वाचला म्हणजे त्या पैशासाठी करावे लागणारे जादा कामही वाचले. दोन्ही ठिकाणी वेळ मिळाला तो काम वाटून घेतल्याने किंवा खर्चाचा बोजा उतरल्याने.

आजच्या मोठ्या गृहसंकुलांत हे लहान प्रमाणात करता येणार नाही असे नाही. चार केंद्रांनी गहू एकत्र घेऊन एकाच गिरणीतून दळून आणावा, डबे पोचवण्यासाठी एकच मुलगा ठेवावा, आणि मुख्य म्हणजे पोळीचा किमान दर एकमेकींशी बोलून ठरवावा. या शेवटच्या गोष्टीला सर्वांत अधिक विरोध होतो. बाकीच्या तिघी दर पाळतील आणि चौथी गुपचूप आठ आणे कमी करील, अशी प्रत्येकीला शंका असते. ही शंका निराधार आहे, असे अनुभवाने म्हणवत नाही.

माणूस ठेवण्यास आणखी एक आक्षेप घेतला जातो व तो विचार करण्याजोगा आहे. ठेवलेली बाई टिकत नाही, आणि टिकली तरी 'माझ्या हाताची चव' तिला येत नाही, असे अनेक जणी सांगतात. मसाले आणि भाजणीच्या व्यवसायात हे विशेष ऐकू येते. परंतु चव जोवर हातात आहे तोवर व्यवसायही दोन हातांएवढाच राहणार. भाजणीतले प्रत्येक धान्य वजन करून घेणे, ते मंद आचेवर किती मिनिटे आणि कोणत्या रंगावर येईपर्यंत भाजायचे हे लिहून ठेवणे, पोळीची लाटी काट्यावर तोलून घेणे, या कामाला सुरुवातीला चार-आठ दिवस जास्तीचे द्यावे लागतात. ज्यांनी ते दिले त्यांच्या घरी आज कोणी आजारी पडले तर केंद्र बंद राहत नाही. अंदाजाने स्वयंपाक करण्याचा आपल्याला अभिमान असतो आणि घरच्या पंगतीत तो शोभतोही. महिन्याला शंभर किलो भाजणी विकायची असेल तर तो सोडावा लागतो.

ग्राहकांच्या वेळांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. पुण्यातील दुकाने दुपारी एक ते चार बंद राहतात यावरून उभ्या महाराष्ट्राने पुणेकरांची टिंगल केली आणि चितळे बंधूंचे दुकान 2017 मध्ये दुपारीही उघडे राहू लागले तेव्हा त्याची बातमी झाली. माझ्या मते त्या तीन तासांचे समर्थन करण्यासारखे बरेच आहे. दुकानदाराला जेवण, विश्रांती, रोजकीर्द आणि मालाची मागणी या कामांसाठी ग्राहकाविना मिळणारा तो एकमेव सलग वेळ होता. आज घरगुती व्यावसायिकाचे दुकान व्हॉट्सॲपवर आहे आणि ते रात्री अकरालाही बंद होत नाही. 'उद्या सकाळी आठला वीस पोळ्या मिळतील का' हा निरोप रात्री साडेदहाला येतो आणि नकार दिला तर ग्राहक जाईल या भीतीने होकार दिला जातो. मागणी आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंतच घेतली जाईल, असा नियम ज्यांनी केला त्यांचे थोडे ग्राहक गेले हे खरे. पण राहिलेल्यांची मागणी आधी कळू लागल्याने पीठ वाया जाणे थांबले आणि रात्र मोकळी झाली. ऐन वेळी हवे असेल तर पोळीमागे दोन रुपये अधिक, असाही मार्ग काहींनी काढला आहे आणि आश्चर्य म्हणजे ते देणारे भेटतात.

उधारीची वसुली हा लहान कारखानदाराचा वेळ खाणारा सर्वांत मोठा भाग आहे. माल देऊन नव्वद दिवस झाले तरी पैसे येत नाहीत, मग लेखा विभागाला फोन, मग प्रत्यक्ष खेप, मग 'साहेब आज आलेले नाहीत'. वास्तविक सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि करार नसल्यास पंधरा दिवसांत देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज देय होते. शिवाय 2023 च्या अर्थसंकल्पाने आयकर कायद्यात अशी तरतूद केली की, या मुदतीत न दिलेल्या रकमेची करपात्र उत्पन्नातून वजावट खरेदीदाराला ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत मिळत नाही. या तरतुदीचा परिणाम मी पाहिला आहे: मार्चअखेरीस ज्या कंपन्या कधी फोन उचलत नसत त्या स्वतःहून उद्यम नोंदणीचे, म्हणजे सूक्ष्म वा लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी केलेल्या नोंदणीचे, प्रमाणपत्र मागू लागल्या. काही खरेदीदारांनी याउलट नोंदणीकृत लघुउद्योगाकडून माल घेणेच टाळले, अशाही तक्रारी आल्या. तरीही माझा सल्ला असा आहे की उत्पादन किंवा सेवा देणाऱ्या प्रत्येकाने ही नोंदणी करावी. ती जुलै 2020 पासून सुरू आहे, सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे निःशुल्क आहे आणि आधार क्रमांकावर घरबसल्या होते. तिच्यासाठी दीड-दोन हजार रुपये घेणाऱ्या मध्यस्थांची गरज नाही. वसुलीसाठी जाणाऱ्या अर्ध्या दिवसांची किंमत दरात धरली, तर नव्वद दिवसांनी पैसे देणारा मोठा ग्राहक आणि माल पोचताच पैसे देणारा छोटा ग्राहक यांत अधिक फायद्याचा कोण, याचे उत्तर पुष्कळदा वेगळे येते.

कागदपत्रांचा जाच पूर्वीपेक्षा कमी झाला आहे, हे माझ्या व्यवसायाचे हित बाजूला ठेवून सांगितले पाहिजे. केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्याला वर्षाला चाळीस लाखांपर्यंतच्या उलाढालीला सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरण्याच्या योजनेत, तिमाही भरणा आणि वार्षिक विवरणपत्र पुरते. पाच कोटींपर्यंतच्यांना 2021 पासून तिमाही विवरणपत्राची सोय आहे. ज्याचा ग्राहक कंपनी आहे त्याला कंपोझिशन सहसा सोयीचे नसते, कारण त्या कंपनीला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट हवी असते आणि या योजनेतील विक्रेत्याकडून ती मिळत नाही. थोडेच कामगार असलेल्या लहान दुकानाला किंवा आस्थापनेला 2017 च्या राज्य कायद्याखाली केवळ सूचना द्यावी लागते. भीतीपोटी, किंवा कोणी तरी सांगितले म्हणून, गरज नसलेल्या नोंदण्या करून बसलेले आणि मग दर महिन्याला त्यांची, व्यवहार नसल्याचे सांगणारी, शून्य विवरणपत्रे भरत राहिलेले व्यावसायिक मी पाहतो, त्यांचा वेळ मात्र हकनाक जातो.

शासनाच्या योजनांविषयी माझी तक्रार वेगळी आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या प्रधानमंत्री योजनेत प्रकल्पखर्चाच्या पस्तीस टक्के, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. बचत गटाच्या सभासदाला खेळते भांडवल व लहान अवजारांसाठी चाळीस हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळते. मुद्रा कर्जाची 'शिशु' या सर्वांत लहान गटातील मर्यादा पन्नास हजार आहे. यांपैकी मोठ्या अनुदानाचा ओढा यंत्रखरेदीकडे आहे. पोळ्या लाटण्याचे यंत्र घेण्यासाठी अनुदान मिळते; लाटणारी बाई पहिले सहा महिने ठेवण्यासाठी मिळत नाही. प्रत्यक्षात व्यवसाय ज्या क्षणी दोन हातांचा चार हातांचा होतो तोच सर्वांत नाजूक काळ असतो, कारण मजुरी आजपासून द्यावी लागते आणि वाढलेली विक्री तीन-चार महिन्यांनी दिसते. त्या काळातील मजुरीचा अर्धा भाग शासनाने उचलला तर यंत्राच्या अनुदानापेक्षा कमी पैशांत अधिक व्यवसाय उभे राहतील, असा माझा अंदाज आहे. त्याचप्रमाणे बचत गटांच्या मालासाठी 'महालक्ष्मी सरस'सारखी प्रदर्शने भरतात. त्यांतून विक्री होते, ओळखी होतात, शहरी ग्राहकाची आवड कळते. पण प्रदर्शनाचे सर्व दिवस मालकीण स्टॉलवर असते आणि तिच्या गावी उत्पादन थांबलेले असते. विक्रीच्या आकड्यातून या थांबलेल्या दिवसांची किंमत वजा केलेली मी कोठेही पाहिलेली नाही.

व्यवसाय वाढवलाच पाहिजे असा माझा आग्रह नाही. शंभर पोळ्यांवर समाधानी असलेली, दुपारी दोननंतर पूर्ण मोकळी होणारी आणि मोकळेच राहू इच्छिणारी एक केंद्रचालिका माझ्या परिचयाची आहे. तिला मी वाढीचा सल्ला दिलेला नाही. मात्र तिचीही पोळी सात रुपयांना आहे.

ज्यांना वाढवायचा आहे त्यांनी पहिली गोष्ट करावी ती ही की, एका आठवड्याचे तास लिहावेत, प्रत्येक तासासमोर ते काम करायला बाहेरचा माणूस किती घेईल तो आकडा मांडावा आणि ती बेरीज मालाच्या दरात धरावी. बेरीज केल्यावर बहुतेकांचा दर कमी पडतो. तो एकदम वाढवता येत नाही, हेही खरे. नव्या ग्राहकाला पहिल्यापासून नवा दर सांगावा आणि जुन्यांना पीठ, तेल किंवा गॅस महागेल त्या वेळी थोडा थोडा वाढवून द्यावा. दिवाळीच्या फराळाला तर लोक दराची फारशी घासाघीस करीत नाहीत. वाढलेल्या दराचे पहिले पैसे डब्यात किंवा सोन्यात न घालता मजुरीत घालावेत आणि सर्वांत आधी सोडावे ते काम कोणते, हेही हिशेबाने ठरवावे. बहुतेक जणी आधी भांडी घासायला बाई ठेवतात. मी आधी पोचवणूक सोडा असे सांगतो, कारण डबे पोचवताना दिवसाचे तुकडे पडतात आणि तुकड्यांत मिळालेल्या वेळात नव्या ग्राहकाशी नीट बोलणे होत नाही.

जिल्हा उद्योग केंद्र, महिला आर्थिक विकास महामंडळ आणि 'उमेद' अभियान यांच्या प्रशिक्षणांत किंमत ठरवण्याचे सत्र असते. त्या सत्रात स्वतःच्या मजुरीची ओळ सक्तीने भरून घ्यावी आणि ती शून्य असेल तर प्रकल्प अहवाल परत करावा, अशी माझी सूचना आहे. बँकांनीही कर्जाच्या अर्जासोबत येणाऱ्या अहवालात हेच पाहावे. ज्या व्यवसायात मालकाची मजुरी निघत नाही त्याचा हप्ता कशातून निघणार आहे, हा बँकेच्याही हिताचा प्रश्न आहे.

शेवटी पिंपरी-चिंचवडपुरती एक मागणी आहे. आमच्या औद्योगिक भागाची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. लहान कारखानदाराला यंत्र थांबवल्याविना बाहेर पडता येईल असा हा आठवड्यातील एकच दिवस आहे. शनिवारी-रविवारी सरकारी कार्यालये बंद असतात आणि दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँकाही. तेव्हा जिल्हा उद्योग केंद्राने आणि अग्रणी बँकेने (जिल्ह्यातील बँकांच्या कर्जवाटपाचा समन्वय करणाऱ्या बँकेने) कर्ज, उद्यम नोंदणी व थकीत देयकांच्या तक्रारी यांची शिबिरे महिन्यातील एका गुरुवारी भोसरी किंवा चिंचवड येथेच, औद्योगिक वसाहतीत भरवावीत. त्याच ठिकाणी घरगुती व्यावसायिक महिलांसाठी वेगळी खिडकी असावी आणि तिची वेळ दुपारी बारा ते तीन ठेवावी, कारण सकाळचे डबे गेल्यावर आणि मुले शाळेतून येण्यापूर्वी त्यांना एवढाच वेळ मोकळा असतो.

आपला नम्र,
एक हिशेबनीस व कर सल्लागार
चिंचवड, पुणे